नमुना एक्केचाळीस

कुताइसीच्या बाजारामागे, ओतियाच्या भट्टीला पाठ लावून
ब्रोला झोपायची. कानात पिवळा बिल्ला,
नगरपालिकेनं टोचलेला. आकडा उन्हानं खाल्लेला.
त्या दिवशी तिचं पोट आत गेलं होतं,
शेपटीखालचे केस चिकट.
मी गुडघ्यांवर बसले. एक काडी, एक नळी, एक लेबल.

ओतिया भट्टीत कमरेपर्यंत वाकलेला,
भिंतीला चिकटलेला पाव आकड्यानं सोडवत.
तिथूनच म्हणाला, "घाणीत काय शोधतेस, ग्वांत्सा?"
"तारा," मी म्हणाले.
तो हसला नाही. त्याला वाटलं असेल, पोरगी दमलीय.

पण खरंच.
मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू
पाच-सहा टोकांचा तारा दिसतो.
नाव ठेवणाऱ्याला तेव्हा वास येत नसावा.

मार्च ते जून. रिओनीला बर्फाचं पाणी, माझ्या बुटांना चिखल.
स्टेशनाजवळची, कत्तलखान्याजवळची,
आणि एक गुबगुबीत, गाडीतून आलेलं, स्वतःची उशी असलेलं.
जुलाब लागलेली एकशे अठरा.
एकतीस जणांत तो सापडला.
शेकडा सव्वीस, आणि वर थोडं.
ते थोडं म्हणजे कुत्र्याचा कुठला भाग,
हे मी इझोल्दाबाईंना विचारलं नाही.

मग वाचन.
चारच अक्षरं, विराम नाही, श्वास नाही,
हजारोंनी ओळीत.
एखादं अक्षर कुठेतरी घसरतं,
आणि तिथून नवं घराणं सुरू.
नातं लावायचं काम पडद्यावर रात्रभर चालतं:
हा कुणाचा चुलत, ती कुणाची मावसबहीण,
कोण वेगळी चूल मांडून बसलंय.
भाऊबंदकी इथेही. फक्त जमीन नाही,
एक आतडं आहे, हातभर.

सकाळी झाड उगवलेलं होतं.
बहुतेक एका फांदीवर, दाटीवाटीनं.
एक्केचाळीस मात्र बाजूला,
समुद्रापलीकडच्या कुठल्याशा पिल्लाच्या शेजारी.
बारा गावचं पाणी प्यालेला,
आणि ब्रोला तर पुलापलीकडे गेलेली नाही.

तिच्या अगदी लगत, एका अक्षराच्या अंतरावर,
आणखी एक टोक होतं.
नि-सात.
"नि" म्हणजे निरोगी. तुलनेसाठी चाळीस लागत होती,
एकोणचाळीस जमली होती,
म्हणून चाळिसावा मी घरून आणला.
माझा बुत्खुझा.
खातो, भुंकतो, सोफ्यावर चढतो,
एक दिवसही पातळ झाला नाही.

रविवारी मी त्याला घेऊन पाव आणायला जाते.
तो ब्रोलाला हुंगतो, ब्रोला त्याला.
मी सुटे पैसे मोजत उभी.

"कुणाकडून कुणाला?" मी विचारलं.
इझोल्दाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"झाड जवळीक सांगतं, ग्वांत्सा. दिशा नाही."
मग म्हणाल्या, "तुझे बूट धुतेस ना?"

धुते.
म्हणजे आता धुते.

तक्त्यात सगळं बसलं. पिल्लांत जास्त, थोरांत कमी,
निरोग्यांतही तीन.
म्हणजे तो असला की आजार, असं म्हणता येत नाही.
नसला की नाही, असंही नाही.
हे वाक्य मी चार वेळा लिहिलं,
चारही वेळा ते खरं होतं
आणि कुणाच्याच कामाचं नव्हतं.

जुलैत भट्टीशी गेले तर जागा रिकामी.
राखेत एक खळगा, कुत्र्याएवढा.
ओतिया म्हणाला, "टेकडीवर गेली असेल. उन्हाळ्यात जातात."
असेल म्हणाला. आहे म्हणाला नाही.
कागदात पाव गुंडाळून दिला, आणि एक तुकडा वेगळा,
"तुझ्या त्या निरोग्याला."

बुत्खुझा दारात वाट बघत होता.
मी आधी बूट काढले.
मग किती वेळ
तो तुकडा हातात धरून उभी राहिले.
त्यानं शेपूट हलवली,
एकदा इकडे, एकदा तिकडे.